विसरलेली भूक

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

वजू करताना अम्मीच्या बोटातली चांदीची अंगठी निसटली आणि मोरीच्या जाळीवर जाऊन पडली. तिच्या लग्नातली अंगठी. एरवी साबण लावूनही निघत नसे. मी उचलून पुन्हा तिच्या बोटात घातली, तर ती गोलगोल फिरू लागली. माझ्या बायकोनं अंगठीला आतून दोरा गुंडाळला. विषय तिथंच संपला, असं आम्हांला वाटलं.

पुढच्या आठवड्यात खोकल्याचं निमित्त झालं म्हणून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर वजन भरलं ४१ किलो. कागदपत्रांच्या पिशवीत आठ महिन्यांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा कागद होता. त्यावर लिहिलेलं होतं ४८ किलो. डॉक्टर म्हणाले, "सात किलो ऐकायला कमी वाटतात. पण ही अठ्ठेचाळीसातली सात आहेत. जवळजवळ पंधरा टक्के. सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं, तरी आम्ही ते गंभीर समजतो."

आम्ही एकाच घरात राहतो. रोज तिला पाहतो. तरी आमच्या ध्यानात आलं नाही. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, हे एक कारण. अंगावर साडी, त्यावर पदर आणि थंडीत शाल, हे दुसरं. तिसरं कारण सर्वांत मोठं. आम्ही विचारायचो, "अम्मी, खाना खाया?" ती म्हणायची, "खाया बाबा." आम्ही विश्वास ठेवायचो. जिला सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी आठवत नाही, तिच्या जेवणाबद्दल तिचीच साक्ष आम्ही धरून चाललो होतो.

अम्मीला स्मृतिभ्रंश आहे हे आम्हांला त्याच्या दोन वर्षं आधीच कळलं होतं. डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया, त्यातलाही अल्झायमर. आमच्या समजुतीप्रमाणे हा विसरण्याचा आजार. म्हणून आम्ही दाराला वरची कडी बसवली, गॅसचं बटण बंद ठेवू लागलो, तिच्या गळ्यातल्या पट्टीला फोन नंबर लिहिलेला बिल्ला अडकवला. ती हरवू नये याची सगळी तजवीज केली. ती घरात बसल्या जागी थोडी थोडी हरवत होती, तिकडे मात्र आमचं लक्ष नव्हतं.

त्या ईदला नात्यातल्या एक बाई आल्या. अम्मीचा हात हातात घेऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "किती वाळल्यात गं! खायला देता ना वेळेवर?" बायको तेव्हा हसली. रात्री भांडी घासताना रडली. आज या विषयावर बोलायचं ठरवलं ते त्या रडण्यामुळे. कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत पुष्कळ सुनांना, मुलींना आणि मुलांना विचारला जातो, आणि त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध नाही. जे सांगणार आहे ते काही डॉक्टरांकडून ऐकलेलं, काही वाचलेलं आणि बरंचसं अम्मीच्या ताटासमोर बसून शिकलेलं आहे.

आधी एवढं सांगतो, की तुमचं घर एकटं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. आणि अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या जागतिक संघटनेनं २०१४ साली आहाराविषयी एक अहवाल काढला होता. त्यात म्हटलं आहे, की घरी राहणाऱ्या अशा रुग्णांपैकी २० ते ४५ टक्के लोकांचं वजन एका वर्षात चिंता वाटावी इतकं उतरतं. म्हणजे हे सुनेच्या हातचं नाही. आजाराच्या अंगचंच आहे. काही जणांचं वजन तर विसरणं लक्षात येण्याच्या आधीपासूनच घटू लागलेलं असतं.

असं का होतं? आपण म्हणतो, भूक लागली की माणूस खातो. पण नीट पाहिलं तर जेवण ही एक लांब साखळी आहे. भूक लागल्याचं कळलं पाहिजे. जेवणाची वेळ झाली हे समजलं पाहिजे. उठून ताटापर्यंत येऊन तिथं बसलं पाहिजे. समोर आहे ते अन्न आहे हे ओळखता आलं पाहिजे. हातानं घास करून तोंडापर्यंत नेता आला पाहिजे. चव लागली पाहिजे. चावता आलं पाहिजे, गिळता आलं पाहिजे. आणि पोट भरलं की थांबायचं हेही कळलं पाहिजे. या साखळीची प्रत्येक कडी मेंदू सांभाळतो. आपल्याला पत्ता लागत नाही, कारण आपल्या सगळ्या कड्या शाबूत आहेत. स्मृतिभ्रंशात एकेक कडी सुटत जाते, आणि प्रत्येक माणसाची वेगळी सुटते. म्हणून "त्यांना भरपूर खायला द्या" हा सल्ला कुणाच्या कामाचा नाही. कुठली कडी सुटली ते शोधावं लागतं.

मात्र त्या शोधाच्या आधी डॉक्टर. वजन उतरण्याला आजारापलीकडची कारणंही असतात आणि त्यांतली बरीच दुरुस्त होण्यासारखी असतात. कवळी सैल झालेली असते. हिरडीला जखम असते, पण दुखतंय हे माणसाला सांगता येत नाही. बद्धकोष्ठ असतं, थायरॉइड असतं, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असतो, मन खिन्न असतं. कधी औषधच कारण असतं. अल्झायमरमध्ये दिली जाणारी डोनेपेझिलसारखी गोळी काही जणांना मळमळ आणि जुलाब करते, भूक मारते. म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा किंवा गोळी बदलतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या घरच्यांनी तर हे खास लक्षात ठेवावं. खाणं कमी झालं, वजन उतरलं आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या मात्र जुन्याच मात्रेत चालू राहिल्या, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. अम्मीच्या बाबतीत कवळीच कारणीभूत निघाली. निदान अर्धं कारण तरी. वजन उतरल्यानं हिरड्या बसल्या, हिरड्या बसल्यानं कवळी सैल झाली आणि कवळी सैल झाल्यानं खाणं आणखी कमी झालं.

कवळी नवी केली. तरीही ती जेवेना. मग डॉक्टरांनी सांगितलं, "तीन दिवस फक्त पाहा आणि लिहून ठेवा. किती वाढलं, किती खाल्लं, कशावर थांबल्या." माझ्या मुलीच्या जुन्या वहीत आम्ही लिहू लागलो. तीन दिवसांत कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट दिसली ती ताटाची. आमच्याकडे स्टीलची ताटं. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यात चमकायचा. अम्मी भाताला हात लावायच्या आधी ती चमक बोटानं पुसू पाहायची. पांढरी वाटी, त्यात दही, शेजारी पांढरा भात. तिला ते दिसतच नव्हतं. मोतीबिंदू काढलेला होता, डोळे ठीक होते. पण या आजारात रंगारंगांतला फरक ओळखणं मेंदूला जड जातं. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली यावर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. आजार पुढे गेलेल्या नऊ जणांना त्यांनी पांढऱ्या भांड्यांऐवजी भडक लाल भांड्यांत जेवण दिलं. त्यांचं खाणं २५ टक्क्यांनी आणि पेय घेणं ८४ टक्क्यांनी वाढलं. नऊ माणसांवरून सगळ्या जगाचा नियम होत नाही, पण प्रयोग करायला खर्च किती? आम्ही बाजारातून एक लाल, बिननक्षीची मेलामाईनची ताटली आणली. खाली टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक होतं, ते काढलं. कारण त्यावरची फुलं ती उचलायला बघायची.

दुसरी गोष्ट, पदार्थांची संख्या. भरलेलं ताट हा आमच्या घरात मायेचा पुरावा. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाकरी, वाटीत दालचा. चार गोष्टी समोर आल्या की अम्मी गोंधळायची आणि हात मागे घ्यायची. एका वेळी एकच पदार्थ ठेवला की खायची. ते संपलं की दुसरा. मेहमान आले तेव्हा एवढीशी ताटली पाहून आम्हांलाच लाज वाटायची. पण लाज ठेवायची की वजन, हे ठरवावं लागलं.

तिसरी गोष्ट हाताची. भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यात भाजी धरायची आणि घास करायचा, ही केवढी कसरत आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. तिचं बोट रश्श्यात जायचं आणि तिथंच थांबायचं. चमचा दिला तर तो उलटा धरायची. मग आम्ही हातात धरून खाता येईल असं देऊ लागलो. मऊ थालीपिठाचे छोटे तुकडे, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, केळ्याच्या चकत्या, मऊ इडली, शिऱ्याची मूद. आणि एक युक्ती शेजारच्या काकूंनी दाखवली. त्या अम्मीसमोर बसून स्वतः खाऊ लागल्या. अम्मी त्यांच्याकडे पाही आणि तसंच करी. हात कसा चालवायचा हे ती विसरली होती, पण समोरच्या हातामागून जाणं तिला जमत होतं. कधी पहिला घास आम्ही तिच्या हातात देऊन तिचाच हात हळूच तोंडापर्यंत नेतो. पुढचे तीन-चार घास मग आपोआप जातात.

चौथी गोष्ट बसण्याची. अम्मीला संध्याकाळी चैन पडत नाही. दारापासून मागच्या मोरीपर्यंत तिच्या फेऱ्या चालू असतात. चालण्यात शक्ती खर्च होते, ती भरून काढायला जास्त खावं लागतं आणि नेमकं त्याच वेळी ती बसत नाही. आम्ही रात्रीचं जेवण हे मुख्य जेवण मानत होतो. वहीनं सांगितलं, की ती सकाळी नऊच्या सुमारास सर्वांत शांत असते. मग भारी जेवण सकाळी आलं. आणि संध्याकाळी फेऱ्या मारताना तिच्या हातात काहीतरी द्यायचं, खजुराचा बी काढलेला मऊ तुकडा किंवा नरम लाडवाची फोड, तेही पाठोपाठ चालत आणि घास गिळताना दोन क्षण थांबवून. जेवताना टीव्ही बंद. अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठानं २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांच्या जेवणाच्या खोलीत माशांची काचेची टाकी ठेवली होती. लोक जास्त खाऊ लागले आणि वजनही वाढलं. आमच्याकडे टाकी नाही. पण खिडकीतून गल्लीतला लिंब दिसतो आणि त्यावर चिमण्या येतात. तिची खुर्ची तिकडे तोंड करून ठेवली.

आता भूक आणि वेळ, या साखळीच्या पहिल्याच कड्या. त्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या, कारण आम्ही तिथंच अडलो होतो. अम्मी ताट सरकवून म्हणायची, "मेरा रोजा है बाबा." महिना कुठलाही असो. तिनं सत्तर वर्षं रोजे धरलेले. पोट रिकामं आहे ही जाणीव तिच्यापर्यंत पोचत होती, पण तिचा अर्थ ती भूक असा लावत नव्हती, रोजा असा लावत होती. मी सांगायचो, "अम्मी, रमजान नाही. शाबानही नाही." ती माझ्याकडे असं पाहायची, की मी तिला पाप करायला लावतोय. एकदा मी आवाज चढवला. ती रडली आणि त्या दिवशी काहीच खाल्लं नाही. वहीत त्या तारखेसमोर आजही शून्य आहे.

मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "आजारी माणसाला कुराणातच रोज्याची सूट आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, त्याला फिदया म्हणतात. आणि ज्याचं भानच राहिलं नाही, त्याच्यावर तर फर्जच उरत नाही. तुम्ही निश्चिंत खायला घाला." माझं समाधान झालं. पण अम्मीचं कसं होणार? तिला मसला समजावून सांगता येत नव्हता.

तोड काढली माझ्या मुलीनं. एके दुपारी जोहरची अजान झाली तशी ती ओढणी डोक्यावर घेऊन अम्मीजवळ गेली आणि म्हणाली, "दादी, अजान हो गई." हातात खजूर आणि पाण्याचा पेला. अम्मीनं कान दिला. "हुई क्या?" "हुई दादी, सुनो." अम्मीनं बिस्मिल्ला म्हटलं आणि खजूर तोंडात टाकला. त्यानंतर तिच्यापुढे आलेली लाल ताटली तिनं पूर्ण संपवली.

खोटं बोलावं लागलं नाही, हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. अजान खरंच झाली होती. दिवसातून पाच वेळा होते. आम्ही तिचं जेवण त्या पाच अजानांना बांधलं. फजरनंतर दूध आणि भिजवलेली खारी. तासा-दोन तासांनी, ती शांत असताना, भरपेट नाश्ता. जोहरला जेवण, असरला काही गोड, मगरिबला सूप किंवा खिमट, इशानंतर पुन्हा दूध. डॉक्टरांनी थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या म्हणून सांगितलंच होतं. आम्ही घड्याळ लावत होतो आणि ती घड्याळ ओळखत नव्हती. तिचं घड्याळ मिनारावर होतं.

ही फक्त आमच्या घरापुरती गोष्ट नाही. शेजारचे आजोबा गिरणीत होते. तेही ताटाला हात लावत नसत. त्यांच्या सुनेनं एक दिवस जेवण डब्यात भरलं, झाकण लावलं आणि दुपारी त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबांनी डबा उघडला, रुमाल पसरला आणि जेवले. एखाद्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आजी जेवत नसेल. मग आधी नैवेद्य दाखवा. कुणी पंगतीत शेवटचा माणूस वाढल्यावरच घास घेणारी असेल, तिच्यासमोर सगळ्यांची ताटं मांडा. आठवण गेली तरी सवय पुष्कळ दिवस टिकते. सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत मुरलेल्या असतात. माणसाला आपल्या वेळेत ओढण्यापेक्षा आपण त्याच्या सवयीच्या दारानं आत जावं.

रमजानात मात्र आमची पंचाईत झाली. घरात दिवसा कुणीच जेवत नाही, फोडणीचा वास नाही, सोबत नाही. अम्मीसमोर कोण खाणार? तेव्हा शेजारच्या काकू रोज दुपारी स्वतःची पोळी-भाजी घेऊन यायच्या आणि अम्मीसमोर बसून जेवायच्या. पूर्ण महिना. त्या महिन्यात वजन उतरलं नाही.

आता ताटात काय. वजन वाढवायला जास्त खायला लावू नये. आहे त्याच घासात जास्त भरावं. चहाचा एक चमचा तूप म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट म्हणजे सुमारे ९५. एक अंडं ७०. दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर कालवली की आणखी ७५. दिवसात चार चमचे तूप, हे कूट, हे अंडं आणि ही पावडर मिळून सुमारे ४२० कॅलरी होतात, आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. कूट रश्श्यात किंवा आमटीत मिसळावं, कोरडं देऊ नये. प्रथिनांकडे लक्ष असावं. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान एक ग्रॅम लागतात. डाळ, अंडी, दूध, मासे, मऊ शिजवलेला खिमा. चव मंदावते म्हणून बऱ्याच रुग्णांना गोड आवडू लागतं. आम्ही भाजीतही गुळाचा खडा टाकतो. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. पण विचारा जरूर. "वीस वर्षांपूर्वी दिलेलं पथ्य आजही तितकंच कडक ठेवायचं का?" हा प्रश्न विचारायला आपण विसरतो. आणि पाणी. तहानही विसरली जाते. रंगीत पेल्यात, थोडं थोडं, दिवसभर.

या आजाराची दुसरी बाजूही आहे. काहींची साखळीतली शेवटची कडी सुटते, थांबण्याची. माझ्या एका मित्राचे वडील जेवून उठले की पाच मिनिटांत म्हणत, "मला अजून कुणी वाढलं नाही." घरातले पुन्हा वाढत. वजन वाढलं, गुडघे गेले. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात, ज्यात मेंदूच्या पुढच्या भागाला आधी इजा होते, गोडाची अनावर ओढ लागते. काही औषधांनीही वजन वाढतं. अशा वेळी "आत्ताच जेवलात की" म्हणून उपयोग नाही, त्यांच्या लेखी ते खोटं असतं. मित्राच्या आईनं दोन गोष्टी केल्या. जेवणाचे दोन भाग केले आणि दुसरा भाग मागितल्यावर दिला. आणि खरकटं ताट लगेच न उचलता थोडा वेळ समोर राहू दिलं. रिकामं ताट पाहिलं की त्यांना पटायचं. फरसाणाचे डबे नजरेआड गेले, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत एक फेरी सुरू झाली.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. जेवताना ठसका लागणं, घास गालात धरून ठेवणं, पाणी प्यायल्यावर आवाज ओला येणं, वरचेवर छातीत कफ होणं, ही गिळण्याची कडी सुटत असल्याची खूण असते. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. डॉक्टरांना सांगावं. गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. घरी एवढं पाळावं. आडवं असताना भरवू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान घास द्यावा. आधीचा गिळला हे पाहूनच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास झोपवू नये. चिवडा, अख्खे शेंगदाणे, कोरडी पोळी बंद. पातळ पाण्याचा ठसका लागत असेल तर ते दाट करून द्यायचं की नाही, तेही तज्ज्ञांनीच ठरवायचं.

आणि एक कठीण गोष्ट. हा आजार पुढे सरकतो. एक दिवस असा येतो, की सगळं करूनही वजन उतरतं. तेव्हा घरातला कुणीतरी म्हणतो, नळी घालू या. पण अगदी अखेरच्या टप्प्यात पोटात नळी घालून अन्न दिल्यानं आयुष्य वाढतं किंवा त्रास कमी होतो असं आढळलेलं नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोग तज्ज्ञांच्या संघटनेनंही अशा वेळी नळीऐवजी हातानं जपून भरवावं, असाच सल्ला दिला आहे. तेव्हा किलो मोजायचे नसतात. दोन चमचे खीर त्यांनी चवीनं घेतली, ओठ ओले राहिले, एवढंही पुरे असतं. आम्ही अजून तिथं पोचलेलो नाही. पण डॉक्टरांशी आणि बहीणभावांशी हे आधीच बोलून ठेवलं आहे. त्या दिवशी भांडायची पाळी येऊ नये म्हणून.

आज अम्मीचं वजन ४४ किलो आहे. दहा महिन्यांत तीन किलो. अठ्ठेचाळीस पुन्हा होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत, आम्हीही धरून चालत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नाश्त्याआधी, एकाच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत वजन करून वहीत लिहितो. एका महिन्यात दोन किलो उतरले तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, असं ठरलेलं आहे. अंगठीला दोरा अजून आहे. गेल्या महिन्यात त्याचा एक वेढा कमी केला.

जाता जाता एक विनंती. तुमच्या ओळखीत असं घर असेल आणि तुम्ही भेटायला गेलात, तर घरच्यांना "खायला देता ना?" असं विचारू नका. ते देत असतात. दिवसातून सहा वेळा, एकेका ताटापुढे तासतासभर बसून देत असतात. त्याऐवजी विचारा, "आज मी बसू का त्यांच्याबरोबर जेवायला?" आमच्या शेजारच्या काकूंनी तेवढंच विचारलं होतं.